केबिनचे सात किलो

मधल्या पिल्लाच्या उजव्या पायावर, बोटांच्या जरा वर, एक बारीक चंदेरी रेघ होती. फोटो दोन फूट बाय तीन फूट एवढा मोठा करून हॉलच्या भिंतीवर लावलेला, त्यामुळे रेघही मोठी झाली होती. लांबी अकरा मिलिमीटर, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत. मालतीबाईंनी ती मोजली होती. कमलाकरराव घरात नसताना, स्टुलावर चढून, एका हातात पट्टी आणि दुसऱ्या हातात भिंग धरून. मोजून झाल्यावर त्यांनी स्टूल जागेवर ठेवलं आणि त्या भाजी चिरायला बसल्या. त्याला आता अडीच वर्षं झाली.

फोटो टिटवीचा होता. मोहोळच्या अलीकडचं गायरान, एप्रिलमधलं भर दुपारचं ऊन, उघडी मुरमाड जमीन, आणि तिच्यावर पंख अर्धे पसरून उभी असलेली मादी. पंखांच्या सावलीत तीन पिल्लं, एकमेकांना चिकटून, ओळीनं. मादीची चोच उन्हानं उघडी पडलेली. तो मालतीबाईंच्या यजमानांनी, कमलाकररावांनी काढला होता आणि त्याला नाव दिलं होतं ‘सावली’. तो कॅलेंडरवर गेला, एका पतसंस्थेच्या डायरीवर गेला, जुळे सोलापूर भागातल्या दातांच्या दोन डॉक्टरांकडे भिंतीवर गेला. लोक बघायचे आणि म्हणायचे, शेवटी आई ती आई.

फोटोखालची चार ओळींची माहिती मालतीबाईंची होती. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेल्या बाई, त्यामुळे ते काम आपोआप त्यांच्याकडे आलं. त्यांनी लिहिलं होतं, ‘टिटवी बहुधा चार अंडी घालते. येथे तीन पिल्ले दिसतात. चौथे अंडे उबवले गेले नसावे. मधल्या पिल्लाच्या पायाला गवताचे कुसळ चिकटले आहे.’

कुसळ हा शब्द कमलाकररावांनीच पुरवला होता. ‘ती रेघ कसली हो?’ असं मालतीबाईंनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, “कुसळ असेल गं. तिथं कुसळीच आहे सगळी.” आणि मालतीबाईंनी ते लिहून टाकलं.

पण कुसळाला पीळ असतो. दमट हवेत तो सुटतो, कोरड्या हवेत घट्ट होतो. दरवर्षी बारावीच्या मुलांसमोर त्या बशीतल्या पाण्यात कुसळ टाकायच्या आणि ते जिवंत असल्यासारखं गरगर फिरायला लागलं की मागच्या बाकावरची मुलंही पुढं यायची. एप्रिलच्या दुपारी सोलापुरातलं कुसळ दोरखंडासारखं पिळलेलं असायला हवं. फोटोतली रेघ सरळ होती.

आणि टिटवीची पिल्लं अंड्यातून निघून अंग वाळलं की चालायला लागतात. ऊन झालं की झुडपाखाली जातात. कुसळाची आणि पिल्लांची, दोन्ही गोष्टी मालतीबाईंना माहीत होत्या. फक्त त्यांनी त्या दोघींची आपल्या डोक्यात कधी गाठ पडू दिली नव्हती.

*

“बॅग किती भरली?” मागच्या बाल्कनीतून कमलाकररावांचा आवाज आला.

“नुसती रिकामी एक किलो नऊशे.”

“रिकामीच?”

“रिकामीच. तुम्हीच आणलीत, आत जाड गादी पाहिजे म्हणून.”

सकाळचे अकरा वाजले होते. हॉलमधल्या चटईवर कॅमेऱ्याचं सगळं सामान मांडलेलं होतं, मध्ये स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, आणि काट्यासमोर मांडी घालून मालतीबाई, हातात वही. उद्या दुपारचं विमान. सोलापूरहून मुंबई, मुंबईहून डेहराडून. तिथल्या एका संस्थेनं ‘सावली’ला पहिलं बक्षीस दिलं होतं, आणि बक्षीस घेतल्यावर चार दिवस डोंगरात पक्षी टिपायचे असं कमलाकररावांनी ठरवलं होतं.

अडचण एवढीच होती की सोलापूरहून उडणारं विमान लहान. हातात न्यायला माणशी सात किलो, त्यावर एक ग्रॅम नाही. आणि मोठी लेन्स सामानात टाकायची म्हणजे कमलाकररावांच्या मते पोटचं पोर पोत्यात घालून पाठवायचं.

म्हणून मालतीबाईंचं तिकीट काढलं होतं. हे त्यांनी लपवलंही नव्हतं. भिशीच्या बायकांसमोर हसत हसत सांगितलं होतं, “हिला नेतोय कारण हिचे सात किलो मोकळे आहेत.” बायका हसल्या होत्या. मालतीबाईही हसल्या होत्या, आणि रात्रभर त्यांच्या तोंडाला कडू चव होती.

कमलाकरराव आता बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. बक्षीस समारंभासाठी केसांना कलप लावलेला, त्याला अर्धा तास हलायचं नव्हतं. कलपाचा अमोनियासारखा वास घरभर पसरला होता. वजनं आतून ओरडून सांगायची आणि त्यांनी बाहेरून हुकूम सोडायचा, असं सकाळपासून चाललं होतं.

“बॉडी.”

“एक किलो तीनशे साठ.”

“मोठी लेन्स.”

मालतीबाईंनी दोन्ही हातांनी लेन्स उचलली. “तीन किलो नव्वद.”

“कन्व्हर्टर?”

“तीनशे पंचवीस. लेन्सची टोपी दोनशे चाळीस. एक बॅटरी त्र्याऐंशी.” त्यांनी बेरीज मारली. “सहा हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. दोन ग्रॅम उरले.”

“वा. माझी झाली. आता तुझी भर.”

तुझी म्हणजे त्यांचीच दुसरी. दुसरी बॉडी, मधली लेन्स, लॅपटॉप, ट्रायपॉडवर बसवायचं डोकं, फ्लॅश, उरलेल्या पाच बॅटऱ्या. मालतीबाई एकेक वस्तू कापडानं पुसून काट्यावर ठेवत होत्या. पुसताना त्यांना या वस्तू पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसत होत्या. दुसऱ्या बॉडीच्या डोळा लावायच्या रबराच्या कडेला पांढुरका थर साचला होता, कातडीचा आणि तेलाचा. पट्ट्यावर घामाचं मीठ वाळून नकाशे उमटले होते. फ्लॅशच्या घडीत एक चिरडलेला किडा होता, त्याचे पाय अजून शाबूत. त्यांनी कापड बदललं, हात धुतले आणि परत येऊन बसल्या.

“सहा हजार सातशे पंच्याण्णव,” त्यांनी सांगितलं. “दोनशे पाच ग्रॅम उरतात.”

“झकास. त्यात तुझ्या गोळ्या आणि चष्मा बसतोय.”

“माझी दुर्बीण?”

“ती किती?”

“सहाशे दहा.”

बाल्कनीतून उत्तर आलं, “अगं, काय करायचीय तुला दुर्बीण. मी माझ्या लेन्समधून दाखवीन की.”

ती दुर्बीण त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतली होती. डोंगरातले पक्षी बघायचे असं तेव्हापासून मनात होतं. मग भार्गवी झाली, सासूबाईंचं आजारपण आलं, परीक्षेचे पेपर आले, आणि डोंगर राहूनच गेला. या प्रवासाला त्यांनी होकार दिला होता तो या दुर्बिणीसाठी. बक्षिसाचं त्यांना काही नव्हतं.

“तुमच्या जॅकेटात घाला ना ती,” त्या म्हणाल्या.

“जॅकेटात जागा नाही. जॅकेटात हार्ड डिस्क आहेत.”

ते जॅकेट खुर्चीच्या पाठीवर लटकत होतं. हिरवट, मळकट, सतरा खिशांचं. अंगावरच्या कपड्यांचं वजन विमानवाले करत नाहीत, हा कमलाकररावांचा शोध. काल संध्याकाळी ते सगळे खिसे भरून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते, चालणं नैसर्गिक दिसतंय का ते बघायला. जॅकेट शुभ होतं म्हणून तीन वर्षांत धुतलेलं नव्हतं. माणसाचा वास लपावा म्हणून रानात ते शेळ्या बसतात त्या जागी लोळवायचे. काल मालतीबाईंनी हार्ड डिस्क ठेवायला आतला खिसा उघडला तर बोटांना लेंड्या लागल्या, वाळून चुरा झालेल्या, आणि त्यांच्यात मिसळलेलं अर्धं चॉकलेट.

“आणि अगं, त्या कागदावर सही केलीस का?” बाल्कनीतून आवाज आला. “तो माझ्या बॅगेत टाक. कागदाचं वजन नाही.”

कागद शोकेसमध्ये, पितळी हत्तीखाली होता. तीन आठवडे तिथंच होता. संस्थेचा यंदापासूनचा नियम असा, की घरट्याजवळ काढलेल्या फोटोसोबत एका जीवशास्त्राच्या जाणकाराचं पत्र हवं. मजकूर छापीलच होता. ‘माझ्या माहितीप्रमाणे हे छायाचित्र घेताना पक्ष्याला, पिल्लांना किंवा घरट्याला कोणताही उपद्रव झालेला नाही.’ खाली नाव, पद, सही. पत्र समारंभाआधी टेबलावर द्यायचं, नाहीतर बक्षीस नाही.

“करते,” मालतीबाई म्हणाल्या.

“तीन आठवडे करतेयस. सही करायची आहे, बाई, पीएचडी नाही.”

कॉलेजातली मुलं त्यांना बाई म्हणायची. चिडवायचं असलं की कमलाकररावही म्हणायचे.

*

आता राहिली होती जुनी खांद्यावरची पिशवी. तिच्यातलं काय न्यायचं ते बघ, असं त्यांना सांगितलं होतं. मालतीबाईंनी ती चटईवर उपडी केली. लेन्सवरची धूळ उडवायची फुंकणी, संपलेले सेल, बिस्किटाचा कागद, कात्रीचं रिकामं म्यान, आणि बाजूच्या कप्प्यातून एक लहान रीळ.

“रीळ एक,” त्यांनी काट्यावर ठेवून सांगितलं. “एकवीस ग्रॅम. कसलं आहे?”

“ते राहू दे. लागतं.”

“दोनशे पाचातले एकवीस जातील.”

“अगं, एकवीस ग्रॅमनं काय होतंय. राहू दे म्हटलं ना.”

मालतीबाईंनी रीळ उचलून उजेडात धरलं. तंगूस होतं, मासे पकडायचा बारीक पारदर्शक दोरा. वळवलं की चंदेरी चमकायचा. त्यांनी बोटाच्या पेरात धरून तो ताणला. सरळ. पीळ नाही.

 मग बाजूच्या कप्प्यात पुन्हा हात घातला.

कप्प्याच्या तळाशी एक प्लॅस्टिकची पुडी होती. पुडीत केसांचे चार आकडे. काळे, टोकाला बारीक मणी असलेले. मालतीबाईंचे. असे आकडे नवी पेठेत एकाच दुकानात मिळायचे, बारा नगांचं पाकीट, आणि अडीच वर्षांपूर्वी त्यातले चार गेले तेव्हा त्यांनी कामवाल्या सारजाबाईला विचारलंही होतं. सारजाबाई दोन दिवस तोंड फुगवून होती.

आकडे मातीत खोचल्यासारखे अर्ध्यापर्यंत गंजले होते. प्रत्येकाला तंगूसाचा एकेक तुकडा बांधलेला. तीन तुकड्यांची टोकं कात्रीनं कापलेली, स्वच्छ. चौथा कापलेला नव्हता. त्याच्या टोकाला फास होता आणि फासात एक बारीक काडी अडकली होती, करड्या रंगाची, अडीच सेंटिमीटरची. मालतीबाईंनी भिंग आणलं. काडीवर खवले होते. खालच्या टोकाला तीन बोटं, आत मिटलेली. वरच्या टोकाला थोडं वाळलेलं कातडं आणि त्यावर दोन पिसं, तीही धड पिसं नव्हेत, लव.

मालतीबाई उठून मोरीपर्यंत गेल्या, उभ्या राहिल्या, काही पडलं नाही, तोंड धुऊन परत आल्या. तीस वर्षं त्यांनी बेडूक फाडले होते, फॉर्मेलिनच्या बरण्या पुसल्या होत्या, कधी नाक मुरडलं नव्हतं. ही शिसारी तसली नव्हती. ती त्या काडीची नव्हतीच. स्वतःच्या केसांतल्या आकड्यांची होती.

मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी चिमट्यानं तो फासातला पाय सोडवून काट्यावर ठेवला. काटा एका ग्रॅमपर्यंत मोजायचा. पडद्यावर शून्य होतं ते शून्यच राहिलं.

“काय मोजतेयस एवढा वेळ?” बाल्कनीतून विचारणा झाली.

तेवढ्यात बेल वाजली.

*

मानसिंग आला होता. मोहोळच्या बाजूचा शेतकरी, त्याच्या शेताला लागूनच ते गायरान. कुठं कुणाचं घरटं आहे ते कमलाकररावांना तोच दाखवायचा. त्याची वैष्णवी मालतीबाईंची विद्यार्थिनी, म्हणून तोही त्यांना बाईच म्हणायचा. मार्केट यार्डात कांदा टाकून तो सरळ इकडं आला होता, हातात कापडाची पिशवी.

“कडक भाकरी हायत, बाई. आन् शेंगाचटणी. इमानात काय नीट खायला देत न्हाईत म्हनं.”

“किती वजन आहे बघ गं,” बाल्कनीतून कमलाकरराव म्हणाले. “मानसिंग, बस रे. मी आलोच, वीस मिनिटं. डोक्याला लावलंय.”

“बसतो की. निवांत लावा, साहेब. नवरदेव हाय तुमी.”

तो चटईच्या कडेला, भिंतीला टेकून बसला. मालतीबाईंनी त्याला पाणी दिलं, चहा टाकला, कपबशी आणून दिली. मग आपण समोर बसल्या आणि चिमट्यानं ती काडी उचलून पांढऱ्या कागदावर त्याच्यासमोर ठेवली. शेजारी चार आकडे.

मानसिंगनं बशीत चहा ओतला होता. बशी हातातच राहिली.

“मानसिंग,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “त्या दिवशी पिल्लं किती होती?”

तो बाल्कनीकडे बघायला लागला.

“मला सांग. त्यांना नंतर विचारते मी.”

“च्यार व्हती की,” तो म्हणाला. “तुमाला ठावं न्हाय व्हय?”

“मला कुठनं ठाऊक असणार?”

“साहेब म्हनले, बाईंनीच सांगितलंय. म्हनले, शास्त्रात आसंच करत्यात, पायाला जराभर दोरा बांदला तर त्यास्नी काय व्हत न्हाय. आकडं बी बाईंनीच दिल्यात म्हनले. मग म्या काय बोलणार? वैष्णवीच्या बाई म्हनल्यावर.”

मालतीबाईंनी आकड्यांकडे पाहिलं.

“किती वेळ बांधली होती?”

“धा वाजल्यापास्नं. दोन-अडीच वाजंस्तवर. ऊन लई व्हतं. आदी ती यायलाच तयार न्हाय, टिटवी, वर नुसत्या चकरा मारतीया आन् वरडतीया. मग पिल्लं माना टाकायला लागली तशी आली. पंख पसरून हुबी ऱ्हायली. साहेब म्हनले, बघ मानसिंग, हेच पायजे व्हतं.” त्यानं बशी खाली ठेवली. चहा तसाच होता. “म्या म्हनलं, साहेब, पानी तरी शिंपडू का. तर म्हनले, फोटोत वलं दिसंल.”

“आणि चौथं?”

“ते वढ काढत व्हतं, सारखं. तीन गप बसली, ते बसंना. पाय...” त्यानं आपल्या अंगठ्याभोवती बोट फिरवून दाखवलं. “फोटू काढायच्या आदीच गेलं. साहेबांनी बाजूला ठिवलं. आमच्या घरात म्या सांगितलं न्हाय बाई हे. मालकीन चार दिस इचारत व्हती, तुमी जेवत का न्हाई म्हनून.”

“तरी पुन्हा घरटी दाखवलीस.”

“दावली,” मानसिंग म्हणाला. “बाईंचं नाव हाय म्हनल्यावर दावली.”

त्यानं हे आरोपासारखं म्हटलं नव्हतं. झालं ते सांगितलं होतं. मालतीबाईंना वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

वर भिंतीवर मादीनं पंख पसरले होते. पंखांची सावली, आणि सावलीत ती तिघं, ओळीनं. ओळीत का, याचं उत्तर आता कागदावर होतं. आकडे एका ओळीत खोचले होते म्हणून. मालतीबाईंनी या फोटोपुढं उभं राहून शाळेतल्या मुलांना दोनदा माहिती सांगितली होती. मातृत्वाविषयी. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि त्यांना नारळ आणि शाल मिळाली होती. ती शाल अजून कपाटात होती. तिचं काय करायचं, हा प्रश्न अचानक त्यांच्या मनात आला.

*

कमलाकरराव वेळेआधीच बाहेर आले. अंगात बनियन, गळ्याभोवती जुना टॉवेल, डोक्यावर काळा लगदा चोपडलेला. कानामागून कलपाचा एक ओघळ मानेपर्यंत आला होता.

“काय रे, काय गुलुगुलू चाललंय दोघांचं?” ते म्हणाले, आणि मग त्यांना कागद दिसला.

ओघळ टॉवेलला टेकला आणि तिथं काळा डाग पसरत गेला.

“ते अजून तिथंच होतं होय,” कमलाकरराव म्हणाले. “मला वाटलं, टाकलं.”

“माझे आकडे आहेत हे,” मालतीबाई म्हणाल्या.

“अगं, चार आकडे. नवं पाकीट आणून देतो.”

“आणि मी सांगितलं असं सांगितलंत.”

“बोललो असेन. हा घाबरत होता, त्याला धीर द्यायला बोललो.” ते खुर्चीच्या कडेवर बसले. आवाज जरा मऊ झाला. “हे बघ मालती. चार-साडेचार तासांचा प्रश्न होता. नंतर मी स्वतः कात्रीनं कापून सोडली सगळी. गेली पळत. मानसिंग, तू सांग बाईंना. सोडली का नाही आपण?”

मानसिंग उठून उभा राहिला होता. “तीन सोडली, साहेब,” तो म्हणाला.

“एक गेलं, मान्य आहे. वाईट मलाही वाटलं. पण रानात चारातली तीन अशीही मरतात. घारी नेतात, मुंगसं नेतात. तूच शिकवायचीस की हे. आकडेवारी तुझी.”

“माझी,” मालतीबाई म्हणाल्या.

“मग? उलट तीन जगली म्हणजे सरासरीपेक्षा बरं झालं.” ते थोडं हसले. समोरचं कुणी हसलं नाही. “आणि या फोटोनं किती लोकांना टिटवी कळली, त्याचाही विचार कर. आधी हिला लोक अपशकुनी म्हणून दगड मारायचे. आता भिंतीवर लावतात. ते काहीच नाही?”

मालतीबाई त्यांच्याकडे बघत होत्या. चौतीस वर्षांचा संसार. हा माणूस तापात त्यांच्या उशाशी बसला होता. भार्गवीच्या शाळेच्या बसमागं स्कूटर घेऊन पळाला होता, डबा राहिला म्हणून. सगळं खरं होतं. आणि तरी आता त्यांची नजर त्या ओघळावरून हलत नव्हती, आणि त्या ओघळाचा, टॉवेलचा, लगद्यातून दिसणाऱ्या पांढऱ्या मुळांचा त्यांना इतका वीट आला होता की श्वास घ्यायला त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

“ते रीळ,” त्या म्हणाल्या. “मघाशी राहू दे म्हणालात. लागतं म्हणालात. डेहराडूनला कशाला लागणार होतं?”

कमलाकररावांनी टॉवेलच्या टोकानं कान पुसला.

“दुर्बीण सहाशे दहा ग्रॅम, म्हणून नको. आणि हे लागतं.”

“तू शब्द पकडतेस,” ते म्हणाले. मग मनगटावरच्या घड्याळाकडे त्यांनी पाहिलं, कलप धुवायची वेळ बघायला. “बरं, काढून टाक रीळ. दुर्बीण घे. वाटलं तर फ्लॅश ठेवतो मी घरी, चारशे दहा ग्रॅम सुटतात, बसेल तुझी दुर्बीण. झालं समाधान?” आपण मोठं काही दिलं अशा थाटात त्यांनी हात पसरले. “आणि तेवढी सही कर आता. मी डोकं धुऊन येतो.”

मालतीबाई उठल्या. गुडघे धरले होते, म्हणून खुर्चीचा आधार घेतला, जॅकेटला हात लागणार नाही असा. शोकेसपर्यंत गेल्या, पितळी हत्ती बाजूला केला, कागद घेतला. छापील मजकूर पुन्हा वाचला. ‘माझ्या माहितीप्रमाणे.’ तीन आठवडे त्या याच दोन शब्दांशी येऊन थांबत होत्या. माहिती नाही, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं होतं. खात्री नाही, पुरावा नाही, एक रेघ म्हणजे पुरावा नव्हे. आणि माहिती तर स्टुलावरून उतरल्या त्या दिवसापासूनच होती. अडीच वर्षं. तेवढ्या काळात आणखी किती घरटी दाखवली गेली, हे मानसिंगला विचारायचं त्यांना धैर्य झालं नाही.

त्या परत आल्या. बक्षिसाची पत्रिका चटईवर होती, खाली संस्थेच्या सचिवांचा फोन नंबर. त्यांनी पत्रिका उचलून कागदाला जोडली, दोन्ही छातीशी धरले. मानसिंग दारात चपला शोधत होता, त्याला म्हणाल्या, “थांब जरा. तुझ्यासमोर बोलते. माझं नाव तुझ्यासमोर घेतलं होतं ना.”

कमलाकरराव मोरीच्या दारात थांबले.

“ते कुसळ नव्हतं,” मालतीबाई म्हणाल्या. आवाज वर्गात असायचा तसा होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, पण चढलेला नाही. “मला तेव्हाच कळलं होतं आणि मी कुसळ लिहिलं. ते खोटं माझं आहे, तुमच्या अंगावर ढकलत नाही. या कागदावर मी सही करणार नाही. तुमच्यासोबत येणारही नाही. आणि तुम्ही डोकं धुऊन बाहेर याल तोवर मी डेहराडूनला फोन लावलेला असेल, चार पिल्लं होती हे सांगायला.”